उघड्या खिटीची शर्यत

मी शेवटची नोकरी होड्यांवर केली असं नगरमध्ये कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. ती मान डोलावते, तेव्हा त्याचा विश्वास बसतो. पुढचा प्रश्न ठरलेला. "नगरला कुठला आलाय समुद्र?" समुद्र नाही, पण मुळा धरण आहे. ते भरलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो, आणि श्रावणात पश्चिमेचा वारा असा सुटतो की काठावर वाळत घातलेला टॉवेल परत मिळत नाही. शीडहोडीला एवढं पुरतं.

आमच्या घरात तीन पिढ्या शाळामास्तर आणि कचेरीतले कारकून. मीच तेवढा पाना-पकडीच्या नादाला लागलो. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून हयात गेली. कारखान्याने वेळेआधी निवृत्ती दिली तेव्हा घरी बसून मी चांगले चालणारे पंखे उघडून साफ करू लागलो. मिक्सर उघडला त्या दिवशी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "बाहेर काहीतरी बघा." धरणावरच्या शीडहोड्यांच्या केंद्रात देखभालीला माणूस हवाय, ही बातमी तिनेच आणली. मला पोहता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यावर आम्ही अजूनही अधूनमधून बोलतो.

केंद्र चालवायचे एक निवृत्त सुभेदार. त्यांना नाव असेलच, पण सगळे सुभेदारच म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला लाइफ जॅकेट दिलं आणि मी ते शेडमध्येही घालून काम करायला लागलो. सुभेदार म्हणाले, "कुलकर्णी, इथे पाणी नाही." मी म्हटलं, "तुमच्या धरणाचा काय भरवसा?" आमचं जमलं ते तेव्हापासून.

कामाबद्दल थोडं सांगतो. शीडहोडीला इंजिन नसतं. मधे डोलकाठी, तिला तिन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या तारा, त्यावर शीड, शीड ओढायला दोऱ्या, दोऱ्यांना पुल्या, आणि मागे दिशा द्यायला सुकाणू. एवढंच सामान, पण त्यातली प्रत्येक वस्तू सतत ताणात असते. कारखान्यात मशीन बिघडलं की ते जागेवर थांबतं आणि तुम्ही चहा पिऊन येऊ शकता. होडीचं सामान बिघडतं ते पाण्याच्या मध्यावर, वारा असतानाच. त्यामुळे माझं काम म्हणजे मोडायच्या आधी काय मोडणार आहे ते ओळखणं. आमचं पाणी गोडं, म्हणून गंज कमी. पण नगरचं ऊन दोऱ्या खातं. वरून धडधाकट दिसणारी दोरी वाकवली की आतून पीठ पडायचं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. नगरच्या एका हॉटेलमालकांनी हौसेने स्वतःची होडी घेतली होती. एकदा ती रोज थोडी थोडी भरते, अशी तक्रार घेऊन आले. मी अर्धा दिवस भेग शोधत बसलो. शेवटी आत बसवलेला पितळी गणपती उचलला, तर त्याच्या मागे बोल्टाचं भोक आरपार गेलेलं. मालक म्हणाले, "नुसता चिकटवला तर पडेल ना हो, देव आहे." मी भोक बुजवलं आणि देवाला फेविकॉलने बसवलं. पुढे दोघांचंही उत्तम चाललं.

पण मला लिहायचंय ते रुपालीबद्दल आणि तिच्या खिटीबद्दल.

रुपाली शनिशिंगणापूरची. वडिलांचं तिथे पूजेच्या सामानाचं दुकान. काळं कापड, तेल, रुईच्या पानांच्या माळा. कॉलेजसाठी ती धरणाकाठच्या गावात मामाकडे राहायची आणि एक दिवस नुसती बघायला म्हणून केंद्रावर आली. सुभेदारांनी तिला होडीत बसवलं. आठवडाभराने ती आमच्या जुन्या मुलांना मागे टाकायला लागली. वारा तिला आधी कळायचा, पाण्यावर दिसायच्या आधी. तिची जोडीदार नसरीन, नगरची. तिचे अब्बा ताडपत्र्या शिवायचे आणि आमची फाटकी शिडंही त्यांच्याचकडे जायची. नसरीन होडीच्या पुढच्या भागात, पुढच्या शिडावर. रुपाली मागे, सुकाणूवर.

आता सुकाणू कसं बसतं ते सांगितलं पाहिजे. सुकाणूला दोन खिळे असतात. होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्या असतात. दाराची फळी बिजागरीत वरून सोडावी तसे ते खिळे कड्यांत सोडायचे. होडी कलंडली तर सुकाणू वर सरकून निघून जाऊ नये, म्हणून वर स्प्रिंगची एक छोटी पट्टी असते. ती दाबून बसवायची. मी तिला खिटी म्हणायचो आणि मग सगळेच म्हणायला लागले.

रुपाली ती खिटी कधीही लावायची नाही. मी ओरडायचो, ती लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडी. मला आधी वाटलं पोरगी बेफिकीर आहे. मग एकदा सुभेदारांबरोबर तिच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या गावात घरांना दारं लावत नाहीत. चौकट आहे, पडदा आहे, रात्री कुत्रं शिरू नये म्हणून आडवी टेकवलेली फळी आहे. कडी, कोयंडा, कुलूप यातलं काहीही त्या घरात नव्हतं. तिथेच लहानाची मोठी झालेली मुलगी. आपण घराबाहेर पडताना हात आपोआप कडीकडे जातो. तिचा हात कुठे जाणार?

"काका, मी मुद्दाम न्हाई वो करत," ती म्हणायची. "ध्यानातच येत न्हाई. बसवलं म्हंजी बसलं, आसं वाटतं."

मी दोन उपाय केले. खिटीच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंट लावला, म्हणजे उघडी राहिली की लांबूनही लाल दिसावी. आणि सुकाणू होडीला एका पातळ दोरीने बांधून टाकलं. निघालं तर निघालं, बुडायला नको.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. केंद्रावर होड्या जास्त आणि धड सुकाणू कमी. कारण त्यातली निम्मी कायम माझ्या शेडमध्ये असायची. माझं काम चोख असलं तरी सावकाश असायचं. कारखान्यात मला त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं, इथे शिव्या मिळाल्या. पोरं कंटाळून सुकाणूशिवायच होड्या पाण्यात घालायची. सुभेदार काठावरून गरजायचे, पण आतून त्यांना ते आवडायचं. ते म्हणायचे, सुकाणू हा आळशी माणसाचा आधार आहे. होडी वाऱ्याच्या बाजूला कलती केली की तिचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं. उलट कलती केली की नाक वाऱ्याकडे येतं. मोठं शीड ओढा, पुढचं सैल सोडा, तरी ती वाऱ्याकडे येते. म्हणजे अंगाच्या वजनाने आणि शिडाने होडी चालवता येते, फक्त दोघांचं एकमेकांशी जमायला हवं. रुपाली आणि नसरीनचं जमायचं. भांडत भांडत जमायचं.

त्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवडीच्या शर्यती आमच्या धरणावर झाल्या. दोघांच्या होडीच्या गटातून एकच जोडी निवडायची होती. रविवारची शेवटची शर्यत उरली तेव्हा पुण्याची एक जोडी आणि आमच्या मुली बरोबरीत होत्या. पुण्याच्या मुली उत्तम होत्या, आणि त्यांचं सामानही. आमच्या होडीला लागणारी एक पुली मी मागवली होती, ती अजून यायची होती.

रुपालीचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच धरणावर आले. श्रावणी शनिवारची गर्दी उपसून, डोळे लाल झालेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुलकर्नी साहेब, म्या तिला सांगितलंय. या वर्साला निवड झाली तर जा म्होरं. न्हाईतर दुकानात बस. माझे गुडघे ऱ्हायले न्हाईत आता." त्यात राग नव्हता. माणूस खरंच थकला होता. मी त्यांना सावलीतली खुर्ची दिली.

शर्यतीचा एक नियम कडक असतो. सुरुवातीआधी तयारीचा झेंडा चढतो. तो चढला की बाहेरच्या कुणीही होडीला मदत करायची नाही. हाताने नाही, खुणेने नाही, शब्दाने तर नाहीच. केली तर होडी बाद. मी आणि सुभेदार बचाव-होडीत होतो, म्हणजे सुभेदार इंजिनवर आणि मी दोन लाइफ जॅकेटं घालून मधोमध. झेंडा चढला. सगळ्या होड्या सुरुवातीच्या रेषेपाशी घिरट्या घालत होत्या. रुपालीची होडी आमच्यासमोरून वळली आणि मला मागे लाल ठिपका दिसला.

"सुभेदार, खिटी उघडी आहे."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? रुपालीची!"

त्यांनीही पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "आता बोलायचं नाही."

"माहितीय मला."

"मग हात खाली घ्या."

माझा हात वर गेला होता, हे मला तेव्हा कळलं. तो मी मांडीखाली दाबून बसलो. हॉर्न वाजला आणि शर्यत सुटली.

पुढचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या माणसाला निदान आत काय चाललंय ते दिसत नाही. मला सगळं दिसत होतं. शर्यत तीन बोयांना, म्हणजे पाण्यावर नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना, वळसा घालून असते. पहिला टप्पा वाऱ्याच्या समोर, म्हणजे नागमोडी, कारण शीडहोडी सरळ वाऱ्यात घुसत नाही. पुण्याच्या मुली पुढे, आमच्या त्यांच्या शेपटाला. पहिल्या बोयाशी नसरीन एकदम खाली वाकली आणि हातातलं काहीतरी होडीच्या तळाशी आपटलं. मला कळलं, पुली गेली. मोठ्या शिडाची दोरी जिच्यातून जाते ती. तिचं चाक फुटलं की दोरी अडकते. त्यांनी दोरी पुलीतून काढली आणि सरळ हातात घेतली. आता शिडाचा सगळा ताण तळहातावर. रुपालीचा एक हात सुकाणूवर, म्हणून दोरी दोघींनी धरली. तशा अवस्थेत त्यांनी पुण्याची होडी गाठली. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. ती माझी मांडी होती.

शेवटच्या, खालच्या बोयाशी दोन्ही होड्या एकदम आल्या. तिथे वारा पाठीमागून असतो. वळताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपकन फिरतं. रुपाली आतल्या बाजूने घुसली. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला. शीड फिरलं, होडी आडवी झाली, शिडाचं टोक पाण्याला लागलं. नसरीन वरच्या काठावर चढली आणि तिने मागे अंग झोकून दिलं. होडी उठली. पण सुकाणू वर सरकून कड्यांतून निसटलं होतं आणि दोरीला लटकून मागे पाण्यात आपटत येत होतं.

रुपालीने ते ओढून घेतलं. बसवायला गेली. खालची कडी त्या आपटण्याने वाकली होती, खिळा जाईना. तिने आमच्याकडे पाहिलं.

मी पाठ फिरवली. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, असं बायकोचं मत आहे, आणि चेहरा हीसुद्धा मदतच झाली असती. मी पाठमोरा बसून विचारलं, "काय करतेय?"

"सुकाणू आत टाकलं," सुभेदार म्हणाले.

"आत म्हणजे?"

"पायाखाली. नसरीन पुढचं शीड उलट्या बाजूला धरतेय. वळली. कुलकर्णी, वळली होडी!"

मग मात्र मी वळलो.

शेवटचा टप्पा वाऱ्याच्या समोर होता, हे नशीब. सुकाणूशिवाय चालायला तीच दिशा त्यातल्या त्यात सोपी. शिवाय सुकाणू गेल्यामुळे रुपालीचे दोन्ही हात दोरीला मोकळे झाले, म्हणजे पुलीचीही सोय लागली. एक मोडकी वस्तू दुसरीच्या मदतीला आलेली मी माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी एकदाच पाहिली. दोघी बोलत होत्या, शब्द कळत नव्हते, पण अंगं एकदम हलत होती. एक बाहेर झुकली की दुसरी आत. होडीचं नाक थोडं डावीकडे भरकटायचं, मग जागेवर यायचं.

पुण्याच्या मुली पुढे गेल्या होत्या. त्या जमेल तिथे दिशा बदलत होत्या, जसं शिकवलं जातं तसं. आमच्या मुलींना ते परवडणारं नव्हतं. सुकाणूशिवाय दर वळणाला होडी जवळजवळ थांबते. म्हणून त्या एकाच बाजूने लांबच लांब गेल्या, धरणाच्या भिंतीकडे. मी सुभेदारांना विचारलं, "ही काय चाल आहे?" ते म्हणाले, "चाल कसली, नाइलाज आहे." भिंतीपाशी वारा दुपारनंतर थोडा फिरतो. तो त्यांच्या बाजूने फिरला. कुणी याला हुशारी म्हणेल. मी नशीब म्हणतो. पण त्या नशिबापर्यंत होडी सरळ न्यायला लागते, तीही सुकाणू पायाखाली ठेवून.

तिथून त्यांनी एकदाच वळण घेतलं. ते वळण संपता संपेना. होडी वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली, शीड फडफडलं, मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. मग नसरीनने पुढचं शीड उलटं धरून ठेवलं, नाक वळलं आणि होडी निघाली. दोन्ही होड्या दोन बाजूंनी अंतिम रेषेवर येत होत्या. आमच्या जागेवरून कोण पुढे ते कळेना. एक हॉर्न वाजला. तो विरायच्या आत दुसरा.

"पहिला कुणाचा?" मी ओरडलो. आता ओरडायला मनाई नव्हती.

सुभेदारांनी इंजिन फुल्ल सोडलं आणि आम्ही पंचांच्या होडीपाशी गेलो. तिथल्या गृहस्थांनी शिडाचा नंबर सांगितला. आमचा. मग म्हणाले, "पण तुमच्या होडीचं सुकाणू गेलंय कुठे?" तेवढ्यात पुण्याच्या मुली शेजारी आल्या. त्यांच्यातल्या एकीने तोच प्रश्न नसरीनला विचारला. नसरीनने पायाखालून ते उचलून दाखवलं. "हे काय, सोबत आणलंय." पुण्याची मुलगी हसली, मग तिचे डोळे भरून आले, आणि तरीही तिने हात पुढे केला. चांगली मुलगी होती. एवढ्या जवळून हरणं सोपं नसतं.

काठाला लागल्यावर रुपाली चिखलातून माझ्याकडे आली. तिचे तळहात सोलून निघाले होते.

"काका, खिटी..."

"पाहिली मी."

"कवा?"

"झेंडा चढला तेव्हाच."

तिने वळून बचाव-होडीकडे पाहिलं. "म्हंजी पुरी शर्यत तुमी..." मग हळूच म्हणाली, "लई हाल झाले आस्तील वो तुमचे."

काय काय सुनवायचं हे मी बचाव-होडीत बसून पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मला रडू आलं. दोन लाइफ जॅकेटं घातलेला म्हातारा काठावर उभा राहून रडतोय, हे दृश्य सुभेदारांनी पुढे बऱ्याच जणांना रंगवून सांगितलं. सांगू देत.

नंतर मी त्या होडीची खिटी काढून टाकली आणि तिथे गाठ मारायची दोरी बसवली. दुकानात माळा गाठवत वाढलेल्या रुपालीचा हात गाठ मारायला कधी अडला नाही. वास्तविक हे मला पहिल्या महिन्यातच सुचायला हवं होतं, पण मी कडी-कोयंड्याच्या घरातला. ती होडी आता मोडीत निघाली. मी स्वतः तिच्यात एकदाही बसलो नाही याची मात्र हळहळ वाटते. सुभेदार नेहमी म्हणायचे, बसा, मी आहे ना. मी म्हणायचो, उद्या बघू.

त्या रविवारी मी रुपालीच्या वडिलांना शोधायला गेलो तेव्हा ते खुर्ची सोडून पाण्याच्या कडेला उभे होते. चपला भिजल्या होत्या, त्याचं भान नव्हतं. शर्यत त्यांना काडीचीही कळली नव्हती.

"ती मधी आडवी झाली व्हती ना, तवा मला वाटलं बुडली," ते म्हणाले.

"नाही बुडली."

"कितवी आली?"

"पहिली आली. निवड झाली तिची. आता शिबिराला जाईल, मग राष्ट्रीय स्पर्धेला."

रुपाली आणि नसरीन खांद्यावर डोलकाठी घेऊन शेडकडे चालल्या होत्या, भांडत. वडिलांनी लेकीकडे पाहिलं, खिशातून मोबाईल काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधायला लागले.

"कुणाला फोन?" मी विचारलं.

"मेव्हन्याला," ते म्हणाले. "दुकानात बसाया मानूस बघावा लागंल ना आता."